म्हातारचळ की मेंदूचा विकार?

साठी उलटलेल्या माणसाची स्मृती ढळू लागली की ‘आता वयच झाले’ असे म्हणून घरचे लोक गप्प बसतात. परंतु हा ऱ्हास वर्षांनी नव्हे, आठवड्यांनी मोजावा लागत असेल तर? चारदोन महिन्यांपूर्वी बाजारहाट करणारा माणूस अंथरुणाला खिळावा, अंगाला मधूनमधून झटके यावेत, हा वार्धक्याचा धर्म नव्हे. क्रॉइट्झफेल्ट-जेकब हा प्रायॉनजन्य रोग असाच येतो आणि बहुतेकांना वर्षाच्या आत नेतो. दर दहा लाखांमागे वर्षाला एक-दोन, असे त्याचे जगभरातील प्रमाण आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाखांवर होती. त्या हिशेबाने या जिल्ह्यातही वर्षाला दोनतीन रुग्ण असावयास हवेत. त्यांतील किती ओळखले जातात?

या रोगावर औषध नाही. मग निदानाचा खटाटोप कशाला, हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. वस्तुतः तो घातक आहे. हुबेहूब अशीच लक्षणे काही साध्य विकारांतही दिसतात. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटल्याने होणारा मेंदूदाह, लिथियमची विषबाधा, बाहेरून न दिसणारी अखंड अपस्माराची अवस्था, हे वेळीच ओळखले तर रोगी सावरू शकतो.

मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, येथे उपयोगी पडतो. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा असा पहिला आलेख घेतला. प्रायॉनरोगात त्यावर साधारण सेकंदाला एक या ठेक्याने टोकदार लहरी उमटतात. मात्र सुमारे दोनतृतीयांश रुग्णांतच, आणि तेही रोग बळावल्यावर. शिवाय लिथियमच्या विषबाधेतही तशा लहरी दिसू शकतात. एमआरआय आणि पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी आज अधिक खात्रीची ठरली आहे, हे खरे. तथापि छुपा अपस्मार ओळखावयाचा तर आलेखाला पर्याय नाही. पहिला आलेख निर्णायक नसेल, तर काही दिवसांनी तो पुन्हा काढावा लागतो.

हा ‘पुन्हा’ शहरात सोपा आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेल्या अंजनवेलहून अंथरुणावरचा रोगी आधी गुहागरला, मग चिपळूणला किंवा रत्नागिरीला आणि अखेर मुंबईला न्यावयाचा, तोही दोनदा, हे सामान्य कुटुंबाला कसे परवडावे? रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आलेख काढणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ तेथे रोज हजर असावा आणि काढलेला आलेख मुंबईतील मेंदूविकारतज्ज्ञाकडून त्याच दिवशी वाचून घेण्याची सोय शासनाने करावी.