डबा ओरडतोय? आधी प्रत काढा!

घरच्या फाइल सर्व्हरमधली एक डिस्क बंद पडली म्हणजे सगळे गेले असे नाही. मात्र त्यानंतरच्या तासाभरात आपण काय करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

झाशीच्या नगरा भागातले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा रेल्वेत होते, त्यांना जाऊन वर्ष झाले. दिवाणखान्यात टीव्हीच्या खाली एक काळा डबा ठेवलेला आहे. मुलाने हौसेने आणलेला हा घरगुती फाइल सर्व्हर, त्यात चार हार्ड डिस्क. लग्नाच्या चित्रफिती, नातीचे बारसे, घराची कागदपत्रे आणि आजोबांनी आपल्या आवाजात म्हटलेली रामरक्षा, सारे त्यातच.

मे महिन्याची दुपार. पारा पंचेचाळिशीच्या आसपास. वीज जाते, येते, पुन्हा जाते. वीज आल्यावर डबा ‘पीं पीं’ करू लागतो. आजी म्हणतात, “अगं सूनबाई, हा डबा का ओरडतोय बघ गं.” सूनबाई बघतात. एक दिवा लाल झालेला असतो, पण फोटो तर उघडताहेत! आवाज बंद करायचे बटण सापडते. घर शांत होते आणि लाल दिवा विसरला जातो.

हीच ती खरी धोक्याची वेळ. डबा चालू असतो, म्हणून कुणाला घाई वाटत नाही. पण आता त्याच्याजवळ चुकीला जागा उरलेली नसते.

बेरजेचा हिशेब

अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांचा एक संच करायचा, या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कले विद्यापीठातल्या तिघांनी १९८८ साली आपल्या निबंधात हे नाव रूढ केले. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्क वापराव्यात आणि एखादी बिघडली तरी काम अडू नये, अशी त्यामागची कल्पना होती.

ती समजायला शाळेतले गणित पुरे. तीन वह्यांत ७, ५ आणि ९ हे आकडे लिहिले आणि चौथीत त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. आता ५ ची वही हरवली, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करा, ५ परत मिळतो. ‘रेड ५’ या प्रकारात साधारण हेच चालते. फक्त बेरजेसारखा हा हिशेब एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर वाटलेला असतो. म्हणून चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या तरी वापरायला सोळा नव्हे, बाराच टेराबाइट मिळतात.

पण दोन वह्या हरवल्या तर? नुसत्या बेरजेवरून दोन आकडे काढता येत नाहीत. ‘रेड ५’ ला एका डिस्कचे जाणे सोसते, दोघींचे नाही. ‘रेड ६’ ला दोघींचे सोसते. ‘रेड १’ मध्ये एका डिस्कवरचे सारे जसेच्या तसे दुसरीवर असते. आणि ‘रेड ०’ ला एकीचेही जाणे सोसत नाही. आपल्या डब्यात यातला कोणता प्रकार आहे, हे आजच पाहून डब्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून ठेवावे.

आधी हात आवरा

लाल दिवा दिसला की पडद्यावर अनेक बटणे खुणावू लागतात. त्यातले ‘फॉरमॅट’, ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘नवा संच तयार करा’ असे काहीही दाबू नये. घरगुती डब्यांतली कितीतरी माहिती डिस्क बिघडल्याने नव्हे, तर घाबरून केलेल्या दुरुस्तीने जाते.

डबा चालू आहे आणि फाइली उघडत आहेत, तोवर पहिले काम एकच. बाहेरची एक डिस्क जोडून प्रत काढून घ्यावी. पुन्हा मिळणार नाही ते आधी, म्हणजे आजोबांचा आवाज, फोटो, कागदपत्रे. बाजारात परत मिळणारे सिनेमे आणि गाणी सर्वांत शेवटी.

मात्र एखादी डिस्क टकटक किंवा खरखर करत असेल, तर डबा रीतसर बंद करावा आणि पुन्हा चालू करून पाहू नये. डिस्कला टपल्या मारणे किंवा ती बर्फाच्या कप्प्यात ठेवणे असले ऐकीव उपाय तर मुळीच नकोत.

दोष नेमका कुठे?

प्रत हाती आली की तपासाला लागावे. डब्यातली प्रत्येक डिस्क ‘स्मार्ट’ नावाची स्वतःच्या प्रकृतीची वही ठेवते. ती डब्याच्या पडद्यावर वाचता येते. बहुतेक डिस्कमध्ये तिच्यातल्या तीन नोंदी पाहाव्यात. ५ क्रमांकाची नोंद सांगते, किती खराब जागा बाजूला काढून त्याऐवजी राखीव जागा वापरल्या. १९७ क्रमांकाची सांगते, किती जागांबद्दल शंका आहे. हे आकडे वाढत असतील तर डिस्क थकली आहे. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल, तर मात्र डिस्कपेक्षा केबल किंवा जोडणीवर संशय घ्यावा. डबा रीतसर बंद करून, वीज काढून, डिस्क आणि केबल नीट बसल्या आहेत का ते पाहावे. शे-दोनशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क फेकून देण्यात अर्थ नाही.

तिसरा संशयित म्हणजे वीज. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर आकडे नवे आणि बेरीज जुनी अशी गत होऊ शकते. पंखे-दिव्यांसाठीचा इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर थबकला तर पंख्याला कळत नाही, डब्याला मात्र कळते. म्हणून डब्याला स्वतंत्र यूपीएस असावा. डब्याला मागून वारा लागावा. भिंतीला चिकटलेला आणि वर क्रोशाचे आच्छादन घातलेला डबा उन्हाळ्यात तापणारच.

डिस्क बदलताना

इथे सर्वांत साधी चूक सर्वांत महाग पडते. आजारी डिस्क राहते आत आणि धडधाकट निघते बाहेर! मग संचाला दोन डिस्क उणे. म्हणून पडद्यावर दिसणारा अनुक्रमांक आणि डिस्कच्या लेबलवरचा अनुक्रमांक ताडून पाहावा. कोणती डिस्क कोणत्या खणात आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. विकत घेताना दुकानदाराला आणखी एक विचारावे, “ही एसएमआर आहे की सीएमआर?” एसएमआर प्रकारात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे सलग लिहीत राहण्याच्या कामात ती फार मंदावू शकते. फाइल सर्व्हरसाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कही या प्रकारच्या निघाल्या, हे २०२० साली उघड झाले तेव्हा पुष्कळ गवगवा झाला होता. संचासाठी सीएमआर घ्यावी.

नवी डिस्क बसली की पुनर्बांधणी सुरू होते. सेकंदाला १५० मेगाबाइट असा चांगला वेग धरला, तरी चार टेराबाइट भरायला साडेसात तास लागतात. प्रत्यक्षात दिवसही लागू शकतो. तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. त्या एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतील तर त्यांचेही वय झालेले असते. म्हणूनच प्रत आधी आणि पुनर्बांधणी नंतर.

दोन एकदम गेल्या तर?

दोन डिस्क एकाच क्षणी ‘गेल्या’ असे दिसले, तर त्या खरोखर मेल्याच असतील असे नाही. वीजपुरवठा, केबल किंवा डब्यातला जोड असा दोघींना सामाईक दोष असू शकतो. अशा वेळी संच जबरदस्तीने चालू करू नये. डबा बंद करून खणांच्या क्रमासह डिस्क जपून ठेवाव्यात आणि जाणकाराकडे न्याव्यात. चांगला जाणकार आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढतो आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर करतो. मूळ डिस्कवरच हात चालवू लागणारा भेटला, तर नमस्कार करून परत यावे.

संच म्हणजे प्रत नव्हे

एवढे सारे सांभाळले तरी एक गोष्ट संचाला जमत नाही. नातवाने चुकून फोल्डर पुसले, तर संच तेही इमानेइतबारे चारही डिस्कवर पुसतो. आग, पूर, चोरी किंवा फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, यांपुढे तो हतबल असतो.

१९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढल्या, तर त्याही नीट निघाल्या नाहीत. अखेर गॅलिन सुसमन धावून आल्या. तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तिच्या आधाराने काम सावरले आणि चित्रपट १९९९ मध्ये पडद्यावर आला.

म्हणून तीन-दोन-एक हा नियम पाळावा. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. नगऱ्यातल्या त्या घराने एक डिस्क ग्वाल्हेरच्या आत्याकडे ठेवावी. दिवाळीला येताना आत्याने ती आणावी आणि भरलेली नवी घेऊन जावी. आणलेल्या डिस्कवरच्या दोन-चार फाइली उघडूनही पाहाव्यात. कधीच न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

झाशीला हे नव्याने शिकवायला नको. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर घेतले, तेव्हा राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. पुढे त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला आणि त्यात ही हकीकतही नोंदली. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी तो छापून काढला. एका हस्तलिखिताच्या शेकडो प्रती झाल्या, म्हणून ती हकीकत आज घरोघर वाचता येते. त्या संग्रहातल्या ज्या पोथीची प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी होती, ती पोथी वाचली. जिची नव्हती, ती कायमची गेली.

आजोबांच्या रामरक्षेची प्रत कुणाकडे आहे? लाल दिवा लागण्याची वाट न पाहता, येत्या रविवारीच ती काढून घ्यावी.