घर कुणाच्या नावावर?

"व्हिसा तीन वर्षांचा आणि कर्ज तीस वर्षांचं. मावशी, आमचं गणितच उलटं आहे बघ!" माझी भाची फोनवर हसत हसत म्हणाली होती. तिनं आणि जावयांनी न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलं, तेव्हाची गोष्ट. फोटो आले, वास्तुशांतीचा व्हिडिओ आला, आम्ही इकडे पुण्यात पेढे वाटले. स्वयंपाकघर केवढं, शाळा किती लांब, तुळस थंडीत आत घ्यावी लागते का, सगळं सगळं विचारून झालं. घर कुणाच्या नावावर आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ते विचारायची वेळ आली सप्टेंबर २०२५ मध्ये. पितृपक्ष होता. जावई वडिलांच्या श्राद्धासाठी पुण्यात आले होते आणि १९ तारखेला तिकडून फर्मान निघालं, एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क! २१ तारखेपासून लागू. ते नव्या अर्जांसाठी आहे, जुन्या व्हिसावाल्यांना नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. पण तोवर कंपन्यांचे निरोप सुटले होते, 'असाल तिथून ताबडतोब परत या.' जावई मिळेल त्या भावाचं तिकीट काढून विमानतळावर धावले. त्या रात्री भाचीचा फोन आला. हसणं कुठल्या कुठे गेलेलं.

"मावशी, मी आत्ता घराची फाइल काढून बसलेय. उद्या यांना परत येता आलंच नाही आणि घर विकायची वेळ आली, तर मला सहीसुद्धा करता येणार नाही. डीडवर माझं नावच नाही!"

"अगं पण तू सह्या केल्या होत्यास ना? तूच सांगितलंस, सह्या करून हात दुखला म्हणून."

"केल्या होत्या. पण त्या घर घेणाऱ्याच्या नव्हत्या."

हीच मेख आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तिकडे घर ताब्यात येतं त्या दिवसाला 'क्लोजिंग' म्हणतात. टेबलावर कागदांचा गठ्ठा असतो, पण त्यात महत्त्वाचे कागद तीन. एक 'नोट', म्हणजे मी कर्ज फेडीन हे वचन. दुसरा 'मॉर्गेज', म्हणजे न फेडलं तर घर तुमचं ही गहाणाची कबुली. तिसरं 'डीड', आपलं खरेदीखत. मालक कोण, ते फक्त या तिसऱ्या कागदावर ठरतं. त्यावर सही विकणाऱ्याची असते, घेणाऱ्याचं नुसतं नाव. न्यू जर्सीत राहत्या घरावर नवरा किंवा बायको, दोघांचाही राहण्याचा हक्क कायदा मानतो, म्हणून कर्ज देणारा बायकोकडूनही गहाणाच्या कागदावर सही घेतो. भाचीनं केली ती ही सही. घर गहाण टाकायला ती चालली, मालक म्हणून तिचं नाव घालायचं कुणाला सुचलं नाही!

आता तुम्ही म्हणाल, कर्ज नवऱ्याच्या पगारावर, मग नाव त्याचंच असणार. आमचे जावईही तसंच समजून चालले होते. माणूस अगदी सरळ, लबाडीचा प्रश्नच नाही. "हिचा पगार नाही, क्रेडिट हिस्टरी नाही, म्हणून एकट्याचं नाव टाकलं," ते म्हणाले. पण कर्जाला नाव एकाचं आणि डीडवर दोघांची, हे तिथं सर्रास चालतं. विचारावं मात्र लागतं.

आणि पगार का नाही? ही मुलगी पुण्यात सहा वर्षं नोकरी करत होती. कोथरूडला स्वतःच्या पैशानं वन रूम किचन घेतलं होतं. लग्न करून गेली ती एच-फोर व्हिसावर. त्या व्हिसावर काम करायला बंदी. २०१५ साली नियम थोडा सैल झाला, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याच्या पुढे गेला असेल तरच. ती वेळ येईतो हिची उमेदीची वर्षं मुलांच्या डब्यात गेली. आणि एडिसनच्या घराचं डाउन पेमेंट कुठून आलं, माहितीय? कोथरूडची ती जागा विकून. स्वतःच्या नावावरची जागा मोडून तिनं दुसऱ्याच्या नावावरचं घर उभं केलं, आणि हे तिच्या लक्षात आलं ते फाइल उघडल्यावर.

मे २०२५ पासून तर ग्रीन कार्ड नसलेल्यांना तिथलं सरकारी हमीचं एफएचए कर्जही बंद झालंय. साडेतीन टक्के भरून घर मिळायची ती वाट गेली. म्हणजे इकडचं सोनं, इकडची जागा, आई-वडिलांची पुंजी यांच्याकडे आता जास्तच नजर वळणार. तेव्हा माहेरचा पैसा जाणार असेल, तर निदान विचारा तरी.

घटस्फोट झाला तर न्यू जर्सीचं कोर्ट लग्नानंतर घेतलेल्या घराची वाटणी करतं, नाव कुणाचंही असो. ते खरं. पण आम्हा बायकांना घर नावावर हवं असतं ते काही मोडण्यासाठी नाही. तिथं दोघांची नावं नवरा-बायको म्हणून डीडवर असली, की एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही आणि एक गेला तर घर आपोआप दुसऱ्याचं होतं. एकट्याच्या नावावर असेल, तर दुःखाच्या दिवसांत कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढा. त्यातून नोकरी गेली, तर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर मुलांच्या शाळा सोडवून घर विकायला काढायचं. अशा वेळी सही करणारे हात दोन असलेले बरे की एक?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं आणि गावंच्या गावं पुढं आली. सात-बाऱ्यावर बायकोचं नाव आपल्या खेड्यातल्या पुरुषाला पटलं. मग दोन पदव्या घेऊन अमेरिकेत गेलेल्या जोडप्याच्या डोक्यात ते का येत नाही? मला वाटतं, तिथं पोचेपर्यंत आपण 'हे सगळं त्याच्या व्हिसावर आहे' याची इतकी सवय करून घेतो, की घरही त्यातच जमा होतं.

भाचीनं पुढं काय केलं? जावई परतले, त्यांनी स्वतःच वकिलाला फोन लावला. बायकोचं नाव चढवलं म्हणून बँक सगळं कर्ज एकदम मागेल की काय, ही त्यांची भीती. पण १९८२ च्या एका केंद्रीय कायद्यानं बँकेला तसं करता येत नाही. नवीन डीड झालं, न्यू ब्रन्सविकला काउंटी क्लार्कच्या कार्यालयात नोंदलं गेलं. खर्च वकिलाची फी आणि नोंदणीचे पैसे एवढाच. कागदाचा फोटो तिनं मला पाठवला. नावाचं स्पेलिंग एकदा चुकलं होतं, ते तिनं भांडून दुरुस्त करून घेतलं.

फोटो पाहून झाल्यावर मी आमच्या कपाटातलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढलं. एकट्या ह्यांचं नाव! चौतीस वर्षं झाली. "काय फरक पडतो?" हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. दुसऱ्या दिवशी फॉर्म आणायला सोसायटीच्या ऑफिसात गेले, तर सेक्रेटरी गावाला गेलेले. सोमवारी येतात म्हणे.