सही कागदावर द्या, पासवर्ड देऊ नका



पगारातून टीडीएस कापला गेला की आपल्या लॉबीबाहेर, आरएमएसच्या दारात, गँगच्या टूलरूमपाशी एक माणूस हमखास उगवतो. "पासवर्ड आणि ओटीपी द्या, रिफंड काढून देतो. येईल त्यातले अमुक टक्के माझे." भुसावळ असो, इटारसी असो की सिकंदराबाद, बोली बदलते, धंदा तोच. आपले लोक त्याला 'सीए' म्हणतात. बहुतेक वेळा तो सीए नसतोच. सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्याप्रमाणे, काही ठरावीक अपवाद सोडले तर, निकालावर टक्केवारीने फी घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. टक्केवारी मागितली की काय ते ओळखावे!

हिशेबाचा जाणकार नेमू नका, असे आमचे म्हणणे नाही. तो आपला हक्क आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २८८ ने तो दिला आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो ठेवला आहे. अधिकाऱ्यापुढे आपल्या वतीने सनदी लेखापाल, वकील, इतकेच काय आपला नातेवाईकही उभा राहू शकतो. मात्र त्याला लेखी अधिकारपत्र हवे. कोणत्या वर्षाचे, कोणत्या नोटिशीचे काम, हे त्यात लिहावे, तारीख घालावी, एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. शपथेवर जबाबासाठी खुद्द आपल्यालाच बोलावले तर मात्र स्वतः जावे लागते. या सगळ्यात पासवर्ड देण्याचा प्रश्न येतो कुठे?

पासवर्ड दिल्यावर काय होते, ते १४ जुलै २०२५ रोजी दिसले. आयकर खात्याने त्या दिवशी देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. दलाल तात्पुरते ईमेल पत्ते काढून ढिगाने विवरणपत्रे भरतात आणि नंतर ते पत्ते सोडून देतात, असे खात्याने सांगितले. नोटीस तिथेच पडून राहते, कामगाराला पत्ताच नाही. रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्याच्या नावे घरभाड्याची सूट, ज्याचे नावही ऐकले नाही अशा पक्षाला देणगी, कधी न घेतलेले शिक्षणकर्ज, असले खोटे दावे आपल्या नावावर चढतात. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

"सगळेच करतात, युनियनने यात पडू नये," असे आमचेच काही साथी म्हणतात. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवले तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे, व्याज वेगळेच. तो भरताना दलाल शेजारी उभा राहणार आहे काय? त्याचे टक्के त्याने केव्हाच खिशात घातलेले असतात.

आणि प्रशासनालाही आम्ही मोकळे सोडत नाही. ज्याला आपण आजवर फॉर्म सोळा म्हणत आलो, तो दाखला कित्येक कार्यालयांत वेळेवर मिळत नाही. मिळाला तर कपातीचा आकडा खात्याच्या नोंदीशी जुळत नाही. चूक लेखा विभागाची, नोटीस ट्रॅकमनला आणि पोस्टमनला! दलालाची बाजारपेठ इथेच तयार होते. दाखला वेळेत द्या, आकडे दुरुस्त करा, विवरणपत्राच्या दिवसांत प्रत्येक विभागात जाणकार माणूस बसवा, आणि तो कामगाराच्या भाषेत बोलणारा असू द्या, ही आमची मागणी आहे.

तोवर कोणत्याही शाखेच्या फलकाखाली दलालाचे टेबल लागता कामा नये. जिथे लागले असेल, तिथल्या शाखा सचिवाने ते आजच उचलायला लावावे.