ओसरीवरून : व्यालेल्या मादीची वाट

लसणाच्या साठवणीविषयी या आठवड्यात लिहीन असा शब्द दिला होता, तो जरा लांबणीवर टाकतो. नारायणगावच्या बाजारात जो भेटतो तो लसूण सोडून आमच्या पुतणीचीच चौकशी करतो. तेव्हा एकदा काय ते सांगून मोकळे व्हावे म्हणतो.

पोरगी आमच्या थोरल्या भावाची. शेतकीची पदवी झाली आणि मातीच्या पुढच्या अभ्यासासाठी २०२३ च्या ऑगस्टात अमेरिकेला गेली. अमेरिका म्हटले की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. ही गेली अलास्कात, फेअरबँक्स नावाच्या गावी. उत्तर ध्रुववृत्ताच्या जरासे अलीकडे हे गाव आहे. तिथले विद्यापीठ १९१७ साली स्थापन झाले तेच मुळी शेतकी आणि खाणकामाचे कॉलेज म्हणून. दादांनी दीड एकर बागायत बँकेकडे तारण ठेवली, तेव्हा भावकीत कुजबुज झालीच. आमची म्हातारी मात्र सरळ विचारती झाली, "तिथं माती बर्फाखाली. मग ही शिकणार काय, कपाळ?"

म्हातारीचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. त्या मुलखात उन्हाळ्यात वरची हात-दोन हात माती सुटते आणि तिच्याखाली कित्येक ठिकाणी जमीन बारमाही गोठलेली असते. आता हवा तापत चालली तशी ही खालची जमीनही विरघळू लागली आहे. घरे कलतात, रस्ते खचतात, झाडे दारू प्यायल्यासारखी वाकडी होतात. तोच पोरीचा अभ्यास.

पहिल्या हिवाळ्यात तिची पत्रे थंडीनेच भरलेली असायची. हो, पत्रे. फोन आठवड्याला होतोच, पण म्हातारीला फोनवरचे ऐकू येत नाही, म्हणून पोरगी महिन्याला एक कागद आजीच्या नावाने लिहून पाठवते आणि संध्याकाळी ओसरीवर आमचा धाकटा तो मोठ्याने वाचतो. डिसेंबरात तिथे दिवस पावणेचार तासांचासुद्धा नसतो. पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. मोटारीच्या इंजिनाला रात्री विजेची वायर जोडून ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी गाडी ढिम्म हलत नाही. म्हातारीला त्यातले एक फार आवडले, ते बेडकाचे. तिथला एक रानबेडूक हिवाळ्यात पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठून जातो. काळीज थांबते, श्वास थांबतो, हातात घेतला तर दगड. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की असे बेडूक सात महिने गोठलेले राहून, उणे अठरापर्यंतची थंडी सोसून वसंतात पुन्हा उड्या मारू लागतात. गोठण्याआधी बेडूक अंगात साखर भरून घेतो, ती त्याच्या पेशींना सांभाळते. "म्हणजे पाक करून ठेवतो," म्हातारी म्हणाली. तिला विज्ञान असे चटकन कळते.

आता मूस. हे जनावर आपल्याकडे नाही. सांबराच्या गणगोतातले, पण आपला खिल्लार बैल त्याच्याशेजारी खोंड दिसावा एवढे. नर सहा-सातशे किलोपर्यंत भरतो, मादीही चारशे-पाचशे. पाय लांबलचक, नाक लोंबते, गळ्याखाली कातड्याची पिशवी. अलास्कात अशी पावणेदोन ते दोन लाख जनावरे आहेत, आणि ती रानातच राहतात असे नाही. हिवाळ्यात बर्फ खोल झाला की मळलेल्या रस्त्यावर येतात, अंगणातली झाडे ओरबाडतात, विद्यापीठाच्या वाटांवर उभी राहतात. पोरींनी वर्गाला जायचे तर ते हलेपर्यंत थांबायचे. गाडीखाली मूस सापडले तर सरकार ते मांस वाया जाऊ देत नाही, यादीतल्या कुटुंबांना आणि संस्थांना देते.

तर २०२४ चा जून. तिकडे तेव्हा सूर्य जवळजवळ बावीस तास आभाळात असतो. पोरगी रात्री नऊ वाजता, म्हणजे लख्ख उन्हात, जुन्या घेतलेल्या सायकलवरून विद्यापीठाच्या रानवाटेने खोलीकडे चालली होती. दोन्ही बाजूंना भूर्ज आणि सूचीपर्णी झाडे. वळणावर तिला वाटेच्या डाव्या अंगाला एक तांबूस वासरू दिसले. मग दुसरे. जेमतेम कुत्र्याएवढी. मूसची मादी मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला विते आणि जुळे होणे तिथे नवलाचे नाही. नवे वासरू व्हायचे असले की मागच्या वर्षीचे लेकरू ती स्वतः हाकलून लावते, हे तिने नंतर लिहिले.

उजव्या अंगाला, पंधरा-वीस पावलांवर, आई उभी होती.

म्हणजे पोरगी बरोबर मधे. वाचकहो, तुमच्यातल्या ज्यांच्या दावणीला म्हैस आहे त्यांना पुढचे सांगायला नको. व्यालेल्या जनावराच्या आणि वासराच्या मधून जाऊ नये, हे आमच्या पोरीला चार वर्षांची असताना म्हातारीने कानाला धरून शिकवले होते. मादीचे कान मागे गेले. मानेवरचे, वशिंडावरचे केस उभे राहिले. ती जिभेने ओठ चाटू लागली. पोरगी लिहिते, "आजी, आपली तांबडी गाय पहिलटकरीण होती तेव्हा अशीच बघायची. मला सगळं कळलं, पण पाय हलेनात."

मग पाय हलले. सायकल तिथेच टाकली आणि पळाली. वासरांकडे नाही, आईकडे नाही, वाटेने सरळ मागे, आणि एका जाड भूर्जाच्या आड. तिकडे नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात हे सांगतात: मूस अंगावर आले तर पळा आणि मधे झाड घ्या. जाड झाडाभोवती एवढ्या मोठ्या जनावराला चटकन वळता येत नाही. मूस शिंगांनी नव्हे, पुढच्या खुरांनी मारते. मादीला शिंगे नसतातच. तिने सायकल तुडवली. पुढचे चाक आठाच्या आकड्यासारखे झाले. दोनदा झाडापाशी येऊन गेली, मग वासरांकडे वळली. त्यांना चाटले आणि दोघांना घेऊन ओल्या झुडपांत शिरली. पोरगी म्हणे अर्धा तास झाडाला मिठी मारून उभी होती.

अलास्कात दरवर्षी अस्वलांपेक्षा मूसमुळे जास्त माणसे जखमी होतात. आपल्याला मात्र भीती अस्वलाची वाटते. दादाही निघताना तिला अस्वलाबद्दलच बजावत होते.

अस्वलही तिने पाहिले, पण ते फार निवांतपणे. ऑगस्टात वर्गातल्या तिघी-चौघींबरोबर ती डेनाली राष्ट्रीय उद्यानात गेली. तिथे १४८ किलोमीटरचा एकच रस्ता. खासगी गाडीला पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच मुभा, पुढे उद्यानाची बस. बसही त्या वर्षी अर्ध्या वाटेवरून, साधारण ६९ किलोमीटरवरून परत फिरत होती, कारण २०२१ साली पुढची डोंगरकडच खचली. खालचा बर्फ विरघळून माती सरकते, ती पोरीच्या अभ्यासातलीच. तिने त्या दरडीवर दोन पाने लिहिली. धाकट्याने ती वाचताना गाळली, हे तिला सांगू नका.

बसमधून मधेच उतरून माळावर चालता येते. नियम असा की अस्वलापासून २७५ मीटर लांब राहायचे, आणि झुडपांतून जाताना तोंडाने आवाज करत जायचे, म्हणजे अस्वल दचकत नाही. बरोबरच्या मुली "ए अस्वला" म्हणून ओरडत होत्या. आमची पोरगी जात्यावरच्या ओव्या म्हणत गेली, आजीच्या. नदीच्या पलीकडे, पार लांब, एक तपकिरी मादी दोन पिलांना घेऊन रानबोरे खात होती. बोरे म्हणजे निळी, करवंदाएवढी. मुली आल्या वाटेने मागे फिरल्या. अस्वल समोर आले तर मात्र पळायचे नाही. हात वर करून बोलत बोलत सावकाश मागे सरायचे. पळणाऱ्याला ते सावज समजते, आणि घोड्याच्या वेगाने धावते. एका जनावराला पाठ दाखवायची, दुसऱ्याला नाही. हे ऐकून म्हातारी म्हणाली, "सुनांचं पण असंच असतं." वहिनी आत भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकले की नाही कोण जाणे, पण थापण्याचा आवाज थोडा वाढला.

शेतकरी म्हणून मला स्वतःला आवडली ती क्रौंचांची गोष्ट. गावालगत एक जुना गोठा आहे. दूधधंदा १९६० च्या दशकात बंद पडला. ती जमीन गावाने विकून प्लॉट पाडले नाहीत, पाखरांसाठी राखली. ऑगस्टात दक्षिणेला निघालेले क्रौंच तिथे थव्यांनी उतरतात, आणि त्यांनी खावे म्हणून सरकारी खाते तिथे बार्ली पेरते. आपण बाजरीच्या राखणीला माळ्यावर गोफण घेऊन बसतो, आणि ते पेरतात पाखरांना! त्यांच्याकडे जमीन मुबलक, आपल्याकडे वाटण्या होऊन बांध उरले, हे खरेच. तरी वाचून दोन दिवस मनातून गेले नाही. बाकी कोबीचे सांगितले तर तुम्ही मला खोटा म्हणाल. उन्हाळ्याच्या लांब दिवसांमुळे तिथला गड्डा वाढतच राहतो. २०१२ साली अलास्काच्या जत्रेत एक गड्डा जवळजवळ ६३ किलोचा भरला. असो.

मूसची हकिकत पोरीने जूनमध्ये घडूनही दिवाळीपर्यंत लपवली होती. घाबरून दादा परत बोलावतील, तारण फुकट जाईल, ही धास्ती. पत्र वाचून झाले तेव्हा ओसरीवर कोणी बोलेना. दादा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. वहिनींनी डोळे पुसले. म्हातारीने एवढेच विचारले, "वासरं कुठल्या अंगाला होती?" डावीकडे, म्हणून सांगितले. "मग मागंच पळायला हवं होतं. बरोबर पळाली."

त्याच हंगामातली गोष्ट. २०२५ चा जानेवारी, आमच्या उसाला तोड आली होती. आमच्या जुन्नर भागात उसात बिबट्या राहतो, वितो, पिले वाढवतो, हे तुम्हाला नवे नाही. तिसऱ्या दिवशी सरीत दोन पिले निघाली, डोळे नुकते उघडलेली. तोडीवरची आणि गावातली पोरे गोळा झाली. एकाने पिलू उचलले, दुसऱ्याने मोबाईल काढला. सूर्य मावळतीला आला होता. आई उसाच्या उरल्या फडात असणार हे सर्वांना ठाऊक, पण फोटोपुढे कोणाचे भान राहते?

म्हातारी काठी टेकत विहिरीपर्यंत आली आणि तिथून जी ओरडली! "ठेवा खाली. तिच्या आन् लेकरांच्या मधे उभं राहता? अलास्काच्या पोरीला कळतं, तुम्हाला कळत नाही?" त्यातल्या निम्म्यांना अलास्का काय ते माहीत नव्हते, पण पिले खाली ठेवली गेली. दादांनी तोड थांबवून मजुरांना, विशेषतः वाकून बसलेल्या बायांना, आधी रस्त्यावर काढले, कारण वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो. वनखात्याला १९२६ वर फोन लावला. ती माणसे आली, पिले तपासली आणि त्याच सरीत एका पेटीत ठेवली. आम्ही सगळे घरी. तोडीचा एक दिवस बुडाला, मुकादम दोन दिवस तोंड वाकडे करून होता.

पहाटे पेटी रिकामी होती. सरीतल्या ओल्या मातीत येतानाचे आणि जातानाचे ठसे स्पष्ट होते. ती एकेक पिलू तोंडात धरून दोनदा आली होती.

त्या रात्री पोरीला फोन केला. तिकडे भर हिवाळा, उणे तीस. सगळे ऐकून घेतल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "काका, आजी कुठं उभी होती?"

म्हटले, "लांब, विहिरीपाशी."

"आणि फड कुठल्या अंगाला?"

"ओढ्याकडं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि सायकलचे नवे चाक केवढ्याला पडले ते सांगू लागली.

लसणाचे पुढच्या आठवड्यात नक्की.