गोधडीसाठी कोणती नक्षी निवडावी?

या स्मरणिकेच्या वर्षी वसतिगृहासाठी एक मोठी गोधडी शिवावी, तिच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील जुने सुती कापड द्यावे आणि आजच्या विद्यार्थ्यांनी ती स्वहस्ते पुरी करावी, ही कल्पना बहुतेकांना रुचली. मतभेद झाले ते नक्षीवरून. कोणी मध्यभागी अशोकचक्र सुचविले, कोणी पिंपळाचे पान, तर कोणी बाबासाहेबांची प्रतिमा. काही पालकांनी मात्र मुळालाच हात घातला. चिंध्यांची वाकळ ही आपल्या दारिद्र्याची खूण. ती टाकून देण्यासाठी दोन पिढ्या झिजल्या, मग शाळेनेच ती मुलांच्या हाती पुन्हा का द्यावी, असा त्यांचा सवाल आहे. हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून आधी त्याचाच विचार करू.

गावकीच्या कामाच्या मोबदल्यात उतरलेले कपडे आणि मढ्यावरचे कापड घ्यावे लागणे, हा आपल्या पूर्वजांचा ‘हक्क’ म्हणून सांगितला जाई. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. ज्या वेशावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते, तो वेश व ते दागिने सोडा, असे त्यांनी बजावले. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले होते. वतनाच्या या जोखडाविरुद्ध त्यांनी १९२८ पासून मुंबईच्या कायदेमंडळात झुंज दिली. कायद्याने ती वतने संपली १९५८ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. तेव्हा जुन्या कापडाविषयी ज्यांच्या मनात तिटकारा आहे, त्यांच्यामागे इतिहास उभा आहे. त्यांना भावनाशून्य किंवा नवश्रीमंत म्हणून हिणवणे आम्हांस मान्य नाही.

पण जुन्या कापडाचा आणखी एक इतिहास आहे आणि तोही आपलाच आहे. आरंभीच्या काळात भिक्खू पांसुकूल चीवर वापरीत, म्हणजे उकिरड्यावर वा स्मशानात टाकलेल्या कापडाचे तुकडे वेचून, धुऊन, रंगवून शिवलेले वस्त्र. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले कापड स्वीकारण्याची अनुमती मिळाली. विनयपिटकातील महावग्गात या संदर्भात एक प्रसंग येतो. दक्षिणगिरीकडे चारिका करीत असताना तथागतांची दृष्टी मगधातील शेतांवर गेली. आखीव वाफे, त्यांच्यामधले लांब-आखूड बांध, बांध जेथे एकमेकांना छेदतात तेथील चौक. भिक्खूंसाठी अशा रचनेची चीवरे करता येतील काय, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी ती करून दाखविली आणि तथागतांनी त्यांच्या बुद्धीची प्रशंसा केली. आजही भिक्खूंचे चीवर उलगडून पाहिले तर तुकड्यांचे ते वाफे आणि शिवणींचे ते बांध स्पष्ट दिसतात.

स्मशानातले कापड दोन्हीकडे आहे. एकीकडे ते जातीचे काम म्हणून गळ्यात मारले गेले, दुसरीकडे ते स्वतःहून उचलले गेले. कसे कापावे, कसे जोडावे, हे वापरणाऱ्यानेच ठरविले. वतनदाराला कापड नाकारण्याची मुभा नव्हती. आनंदांपुढे कोरे कापड होते आणि समोर शेत होते. म्हणून नक्षी कोणती, हा प्रश्न काहींना बायकी वा किरकोळ वाटला, तरी आम्हांस तो तसा वाटत नाही.

आता प्रत्यक्ष शिवणीकडे वळू. गोधडीची नक्षी केवळ शोभेची नसते. आतले थर जागच्या जागी धरून ठेवणे हे तिचे पहिले काम. आत अखंड लुगडे पसरले असेल तर दोऱ्यांच्या ओळी दोन-तीन बोटांवर असल्या तरी भागते. लहान तुकडे भरले असतील तर ओळ बोटभर अंतरावर हवी, नाहीतर दुसऱ्या धुण्यातच आतले कापड गोळा होते. ओळी फार दाट घातल्या की गोधडी टिकते खरी, पण ताठ होते आणि अंगाला बिलगत नाही. शंकरपाळ्यांची जाळी दिसायला सुरेख. मात्र तिरक्या दिशेत कापड ताणते आणि नवख्या हाताकडून झोळ पडतो. पाच-सहा थरांतून गोल वळणे काढणे तर सरावलेल्या हातालाही जड जाते. चक्राच्या चोवीस आऱ्या मुलांकडून वेड्यावाकड्या झाल्या, तर त्याचे दुःख त्यांनाच अधिक होईल.

आपल्याकडच्या बायका आधी कच्चे टाके घालून थर पक्के करीत, मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घेत आत सरकत. या पद्धतीत दोरा कापडाच्या उभ्या-आडव्या वीणीनेच चालतो. शिवाय चारी बाजूंना चौघी-पाचजणी एकाच वेळी बसू शकतात. कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही आणि शेवटी सगळ्या मध्याशी एकत्र येतात. या बायकांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती, पण ही रचना त्यांनी विचारपूर्वक शोधली होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात, गीज बेंड नावाचे गाव आहे. गुलामगिरीत राबलेल्या लोकांचे वंशज तेथे राहतात. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. तुकड्यांच्या त्यांच्या एका आवडत्या मांडणीला ‘हाउसटॉप’ म्हणतात आणि तीही चौकोनात चौकोन अशीच असते. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तेथे येऊन गेले. मतदार म्हणून नाव नोंदविण्याच्या चळवळीत उतरल्याबद्दल कित्येकांना राहत्या जागा सोडाव्या लागल्या. १९६६ मध्ये त्या भागातील स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था उभारली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य दाखविले होते. ते साम्य सुईदोऱ्यातही उतरलेले पाहून आम्ही थक्क झालो.

प्रतिमेविषयी थोडक्यात. गोधडी अंथरायची, पांघरायची, पायांनी सारायची, दगडावर आपटून धुवायची वस्तू आहे. बाबासाहेबांची प्रतिमा आणि धम्मचक्र यांची जागा तेथे नाही. ज्यांना ती हवी असतील त्यांनी सभागृहासाठी वेगळा पडदा करावा. आम्ही त्यालाही मदत करू.

म्हणून आमचा प्रस्ताव असा : वरच्या थराचे तुकडे आनंदांच्या चीवराप्रमाणे वाफे आणि बांध यांत जोडावेत, दोरा मात्र आपल्या आज्यांच्या रीतीने कडेकडून मध्याकडे जावा. वाफे पाहण्यासाठी मगधात जायला नको, वसतिगृहाच्या गच्चीवरून ज्वारी-तुरीची राने दिसतात. आणि कापडाचे म्हणाल तर हा मुलूख त्याबाबत जुना आहे. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासग्रंथात तगर, म्हणजे आपले तेर, येथून साधे सुती कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तलम वस्त्राबरोबर साध्या कापडाचीही नोंद त्या परदेशी माणसाने घ्यावी, याचे इतिहासाच्या वर्गात आम्हांस नेहमी अप्रूप वाटते.

शिवायला मुलगे आणि मुली दोघेही बसतील, याविषयी मात्र तडजोड नको. भिक्खू आपली चीवरे स्वतः शिवीत. आनंदही पुरुषच होते.

कापड सुतीच असावे. टेरिकॉट आणि नायलॉन आत सरकते व घाम शोषत नाही. धुऊन, वाळवून, काठ न कापता पाठवावे. काठांचे बांध होतील. सोबत एक चिठ्ठी असावी : कापड कोणाच्या अंगावरचे, त्या व्यक्तीचे नाव, गाव आणि ती काय काम करीत असे. गोधडीवर कोणाचेही नाव येणार नाही. चिठ्ठ्या एका वहीत चिकटवून ती वही शाळेच्या ग्रंथालयात, दाखलखारिज रजिस्टरशेजारी ठेवली जाईल.