पिल्लं दोन महिन्यांची होईस्तोवर

दिवाळीची सुट्टी संपवून तुम्ही कॉलेजात येता आणि कळतं, सायकल स्टँडमागच्या मोडक्या बाकांखाली कुत्री व्याली. पाच-सहा पिल्लं. चांदूर बाजारात काय, परतवाड्यात काय, अमरावतीत काय, यात नवीन काहीच नाही. गावकुत्र्यांची गाभण राहायची वेळ बहुतेक पावसाळ्याच्या उतरतीला, गर्भ सुमारे ६३ दिवसांचा, त्यामुळे पिल्लं येतात ती नेमकी थंडीत. दरवर्षी मुलींचा एक गट दूध घेऊन धावतो, पोट्ट्यांचा एक गट रील काढतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी पिल्लं पोत्यात भरून गावाबाहेर नाल्याकाठी सोडून येतं.

यंदा मात्र या पोत्याला कायद्याचा रंग चढलाय. म्हणून नीट समजून घ्या.

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, असा आदेश दिला. त्यावर एवढा गदारोळ झाला की २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी करा, लस द्या, जंतनाशक द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा; फक्त रेबीजची किंवा आक्रमक कुत्री सोडू नका. विषय सगळ्या राज्यांपर्यंत वाढवला तोही त्याच दिवशी. मग ७ नोव्हेंबरचा आदेश आला, आणि तो थेट तुमच्या फाटकात आला. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली मोकाट कुत्री स्थानिक संस्थेने उचलायची, नसबंदी-लसीकरण करायचं आणि परत तिथे सोडायचं नाही, शेल्टरमध्ये ठेवायचं. आवाराला कुंपण घालायचं, देखरेखीसाठी नोडल अधिकारी नेमायचा. शिवाय प्राण्यांजवळ कसं वागायचं, चावल्यास प्रथमोपचार काय, याची सत्रं विद्यार्थ्यांसाठी घ्यायची. या शेवटच्या वाक्याची बातमी फारशी कुठे रंगली नाही, पण तुमच्या कामाचं तेच आहे.

आता बघा, आदेशात जबाबदारी कोणाची? नगर परिषदेची. उचलायचं कुठे? शेल्टरमध्ये. आणि आपल्या तालुक्याच्या गावी कुत्र्यांचं शेल्टर कोणी पाहिलंय? जिथे शेल्टर नाही तिथे ‘कॅम्पस मोकळा करा’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ पोतं असाच निघतो. पण पोतं कोणत्याच आदेशात नाही. उपासमारीने मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे चहा-पोह्यांपेक्षा स्वस्त, ही गोष्ट वेगळी. विष घालून मारलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांत तर सहा महिन्यांखालचं पिल्लू नसबंदीसाठी पकडायचंच नाही.

आपल्या भागाला या वादात एक जुनी आठवणही आहे. मार्च २०२३ मध्ये तेव्हाचे अचलपूरचे आमदार बच्चू कडू यांनी विधानसभेत मोकाट कुत्र्यांवर उपाय म्हणून ती आसामला पाठवा, असं सुचवलं. तिकडच्या विधानसभेत गोंधळ झाला आणि कडूंनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. हसू नका फार. ‘इथून उचला, दुसरीकडे न्या’ हाच विचार पोत्यामागे असतो. फक्त आसामच्या जागी नाल्याचा काठ येतो.

कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वितींमधली ३६४ पिल्लं पाच वर्षं पाहिली. प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, १९ टक्केच जगली. आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे कुठे ना कुठे माणसाचा हात होता. हात म्हणजे प्रत्येक वेळी दगडच असतो असं नाही. माझ्या मते त्यात आपल्यासारख्यांचा लळाही मोजावा लागेल.

लळा कसा मारतो ते सांगतो. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिला आठवडाभर त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही, म्हणून ते गारठलंय हे बघणाऱ्याला कळत नाही. शांत झोपलंय असंच वाटतं. त्याला आजूबाजूला २९ ते ३२ अंशांची ऊब लागते, ती आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात मिळते. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा १०-१२ वर येतो. अशात तुम्ही पिल्लू उचलून सेल्फी काढली, मैत्रिणीच्या हातात दिलं, तिने अजून कोणाला दिलं. दहा मिनिटांत पिल्लू गार. मग कोणीतरी म्हणतं, ‘भूक लागली असंन त्याले,’ आणि त्याला उताणं धरून ड्रॉपरने गाईचं दूध पाजतं. इथे तीन चुका एकदम होतात. गारठलेल्या पिल्लाचं पोट दूध पचवत नाही, म्हणून आधी ऊब आणि मगच दूध. उताण्या पिल्लाच्या फुप्फुसात दूध जातं. कुत्रीजवळ पितं तसं पोटावरच ठेवून पाजायचं. आणि कुत्रीच्या दुधात फॅट आठ-नऊ टक्क्यांच्या घरात, प्रथिनं सात-आठ टक्के. गाईच्या दुधात दोन्ही साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास. त्यात आपण पाणी घालून ते अजून पातळ करतो.

म्हणजे आई जिवंत असेल तर तुमचं पहिलं काम पिल्लांना हात न लावणं. आई दिसली नाही तरी लगेच ‘अनाथ’ म्हणून उचलू नका. ती खायला गेलेली असते. दोन-तीन तास लांबून बघा.

हात शिवशिवत असतील तर ते आईसाठी वापरा. दूध पाजणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं. कॅन्टीनच्या रांगेत शिरते, डबे हुंगते, मग कोणी लाथ मारतो आणि ती चावते. तीच कुत्री पिल्लांजवळ खायला-प्यायला मिळालं तर कॅन्टीनकडे जायची गरजच राहत नाही. भात, अंडं, कोंबडीचे उकडलेले तुकडे (हाडं काढून) चालतात. कांद्याची भाजी नको, चॉकलेट तर अजिबात नाही. वीस जणांनी नाही, दोघांनीच, रोज ठरल्या वेळी. जागा ओली असेल तर खाली कोरडं बारदान टाका, वाऱ्याच्या बाजूला संत्र्याचे रिकामे क्रेट उभे करा. आपल्या गावात त्यांचा तोटा नाही. हेच क्रेट माणसांनाही लांब ठेवतात. व्यालेली कुत्री चावते ती बहुतेक वेळा पिल्लांजवळ गेलेल्याला चावते, हे ओळखून तो रस्ता दोन महिने वळवणं कोणत्याही कुंपणापेक्षा स्वस्त.

आई गाडीखाली गेली असेल तर मात्र गोष्ट खरंच अवघड आहे, आणि ‘मी करतो’ म्हणण्याआधी रात्रीचा हिशोब करा. दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीही. दूध पिल्लांसाठीच्या खास पावडरचं. पावडर मिळेपर्यंत एखादी रात्र शेळीचं दूध पाणी न घालता भागवता येतं, पण तो पूर्ण आहार नाही. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू सरकू शकतं. दर वेळी दूध पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकं चोळायचं, कारण पहिले दोन-तीन आठवडे त्यांना आपणहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. ही गोष्ट माहीत नसल्याने पोट फुगून कितीतरी पिल्लं जातात. वजनकाट्यावर रोज वजन वाढलं पाहिजे. परीक्षा तोंडावर असलेल्या हॉस्टेलच्या एका खोलीला हे झेपत नाही. चार-पाच जणांच्या पाळ्या लागतात. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे, आणि अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असली तरी जंताच्या औषधासाठी जावंच लागेल. जंत आईच्या पोटातूनच पिल्लांत येतात, म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयातच लागतो, आणि तो वजनावर ठरतो. स्वतःच्या अंदाजाने देऊ नका.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला कान. तिथून पुढे खेळ बदलतो. तीन ते बारा आठवड्यांत पिल्लू माणसाला घाबरायचं की नाही हे शिकतं. भावंडांशी खेळताना चावा किती जोराचा हेही तेव्हाच शिकतं. आतापर्यंत हात लावू नका म्हणत होतो. आता थोडा, शांत, रोजचा सहवास हवा. याच वयात दगड खाल्लेलं पिल्लू पुढे भुंकत अंगावर येतं, आणि महिनाभराचंच असताना घरी नेलेलं पिल्लू खेळाखेळात कडाडून चावतं. म्हणून दत्तक द्यायचं ते आठ आठवड्यांनंतर. पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांना.

आणि हो, पिल्लाचा ओरखडा ‘लहानच तर आहे’ म्हणून सोडू नका. रेबीज पिल्लालाही होतो, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-मिरची काही लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. इंजेक्शनचे सगळे डोस पूर्ण करा. दुसऱ्यानंतर ‘बरं वाटतंय’ म्हणून थांबणारे आपल्यातच खूप आहेत. घाबरणाऱ्यांवर हसूही नका. रात्री क्लासवरून सायकलने एकटी येणारी मुलगी कुत्र्यांना घाबरते ती उगाच नाही, आणि ७ नोव्हेंबरच्या आदेशामागे तिचीही बाजू आहे.

तर प्राचार्यांकडे काय घेऊन जायचं? ‘कुत्री वाचवा’ असा फलक नको. पिल्लांच्या जन्माची तारीख, त्यात साठ दिवस मिळवून आलेली तारीख, त्यानंतर आईची नसबंदी आणि लस नगर परिषद कुठे आणि कधी करणार हा प्रश्न, कॉलेजचा नोडल अधिकारी कोण, शेल्टर कुठे आहे, आणि तोवर क्रेटच्या आतली जागा कोण सांभाळणार त्या दोघांची नावं. एवढं एका पानावर मावतं. तोंडी सांगू नका, अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. एक प्रत नगर परिषदेत.

शिपाईकाकांनाही एकदा भेटा. पोतं शेवटी त्यांच्याच हातात दिलं जातं.