काका, इथं पाणी येतं का?

आम्ही सातारचे. कोयनेतून विसर्ग वाढवला ही आमच्यासाठी टीव्हीवरची बातमी. सांगलीकर त्या रात्री सामान वर चढवतात.

आई-बाबांना ताईजवळ राहायचं म्हणून सांगलीत एक जुनं घर बघितलं. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढला. बोजा नाही, सगळं स्वच्छ. मालकांना विचारलं, "काका, इथं पाणी येतं का?" "येतं की, रोज सकाळी नळाला!" सगळे हसलो. टोकन दिलं.

मग शेजारच्या मावशींचा लाईटचा मीटर दिसला, माझ्या डोक्याच्याही वर. एवढा उंच का? "२०१९ ला हितवर होतं की पाणी!" काकांच्या भिंतींना ताजा रंग का, तेही कळलं.

आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. २००५, २०२१ आहेतच. जलसंपदा खातं पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा आखतं. आमच्या सर्च रिपोर्टात दोन्हींचा पत्ता नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा. पण 'सहज' शब्दातच पळवाट आहे राव! "गावभर माहीत होतं, तुम्ही चौकशी करायची," असं काका आता म्हणतात.

मग खरेदीखतातच एक ओळ सक्तीची करा ना: पाणी किती साली, किती फूट. खाली विकणाऱ्याची सही.

टोकन अजून परत मिळालेलं नाही.